लाइव्ह स्वच्छ, रेकॉर्डिंग धूसर: एका सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पूर्वेकडच्या उपनगरातली दोन विंगांची, ४८ फ्लॅटची सोसायटी. गेट एकच. निम्म्या दुचाक्या स्टिल्टमध्ये, उरलेल्या कंपाउंडच्या भिंतीला लागून उघड्यावर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कॅमेरे आठ, सगळे दोन मेगापिक्सेलचे. वॉचमनच्या केबिनमध्ये आठ चॅनेलचा डीव्हीआर (आठ कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं यंत्र), त्यात २ टीबीची हार्ड डिस्क आणि वर एक जुना मॉनिटर. सिस्टीम बसवून पाच वर्षं झाली होती. बसवल्यावर वर्षभरातच पार्किंगवरून दोन सभासदांचा वाद झाला आणि पाहायला गेले तर नेमकं तेवढं फुटेज पुसलं गेलेलं. म्हणून पुढच्या वार्षिक सभेत ठराव झाला की रेकॉर्डिंग किमान ३० दिवस राहिलंच पाहिजे. तेव्हा देखभाल बघणाऱ्या माणसाने येऊन अर्ध्या तासात ते करून दिलं. नवी डिस्क घ्यावी लागली नाही, एक रुपया खर्च झाला नाही, सगळे खूश. या अर्ध्या तासाकडे आपल्याला परत यायचं आहे.

मी कॅमेरे बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. ही सिस्टीम माझी नव्हती. मला बोलावणं आलं ते चोरीनंतर चौथ्या दिवशी.

काय घडलं

जुलैतली पावसाची रात्र, पावणेतीनचा सुमार. एका बाइकवरून दोघं आले. रात्रपाळीची माणसं येत-जात असल्यामुळे गेटचा एक पल्ला उघडाच असायचा. मागे बसलेला उतरला, भिंतीलगतच्या एका स्कूटरचं हँडल लॉक तोडलं आणि तिच्यावर बसला. दुसऱ्याने बाइकवरून तिला पाय लावला आणि ढकलत बाहेर नेली. चार मिनिटांत सगळं आटोपलं. वॉचमनमामा तेव्हा मागच्या बाजूला पंपाकडे गेले होते.

स्कूटर बी विंगमधल्या एका ताईंची. त्या रुग्णालयात परिचारिका आहेत आणि पहाटे साडेपाचला निघावं लागतं, तेव्हा बस नसते. गाडी म्हणजे त्यांची नोकरीच.

सकाळी केबिनमध्ये दहा-बारा जण दाटीवाटीने उभे राहून फुटेज बघत होते. चोरी दिसत होती, चोर दिसत नव्हते. चेहऱ्याच्या जागी करडा ठिपका, बाइकच्या नंबरप्लेटच्या जागी पांढरा चौकोन. झूम केलं की चौकोन तेवढा मोठा व्हायचा. मी पोचलो तेव्हा सेक्रेटरींनी पहिला प्रश्न तोच विचारला, “लाइव्हला तर सगळं आरशासारखं दिसतं हो. मग रेकॉर्डिंगलाच काय धाड भरली?”

प्रश्न अगदी नेमका होता. बहुतेक ठिकाणी लोक थेट ‘कॅमेरा खराब आहे’ असं सांगतात. सेक्रेटरींनी मात्र लाइव्ह आणि रेकॉर्डिंग यांतला फरक हेरला होता, आणि उत्तर त्या फरकातच होतं.

पहिला पेच: ॲपने काढलेला नंबर

मी यायच्या आधीच दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. एक म्हणजे कुणीतरी मॉनिटरवर चालू असलेलं फुटेज मोबाइलने शूट करून व्हॉट्सॲपवर टाकलं होतं, आणि चौकीत दिलं गेलं ते तेच. आधीच धूसर चित्र, त्याचं पुन्हा शूटिंग, त्यावर पाठवताना होणारं आकुंचन. पोलिसांच्या हातात पडलं ते मूळ फुटेजहून कितीतरी वाईट होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एका सभासदाच्या मुलाने नंबरप्लेटचा स्क्रीनशॉट फोटो सुधारणाऱ्या एआय ॲपमधून काढला होता. त्यात चक्क आकडे आले होते, ठळक, कोरल्यासारखे. समितीतले दोघं-तिघं तो नंबर घेऊन चौकीत निघाले होते.

मी त्यांना थांबवलं आणि मूळ फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं ते एक चित्र, समोर लावली. प्लेटचा पांढरा चौकोन आडवा जेमतेम बारा पिक्सेलचा होता. दुचाकीच्या मागच्या प्लेटवर दोन ओळींपैकी लांब ओळीत सहसा सहा अक्षरं-अंक असतात, म्हणजे एका अक्षराला दोन पिक्सेल. दोन पिक्सेलांत ३ आणि ८ वेगळे करणं कुणालाही शक्य नाही. ॲप काय करतं, तर लाखो चित्रांवर शिकलेल्या अनुभवावरून तिथे काय असू शकेल याचा अंदाज करून चित्र रंगवतं. तोच स्क्रीनशॉट कडा थोड्या वेगळ्या कापून मी त्या मुलालाच पुन्हा टाकायला सांगितला. दुसराच नंबर आला. मुलगा समजूतदार होता, त्याने स्वतःच तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला.

तो नंबर रस्त्यावरच्या कुणातरी भल्या माणसाचा असणार. चौकीत गेला असता तर रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थाप पडली असती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात मोलाचा वाटतो तो हा निर्णय, आणि त्याला पैसा लागला नाही.

त्याच दुपारी डीव्हीआरमधून मूळ फाइल, ती उघडणाऱ्या प्लेअरसह, पेन ड्राइव्हवर काढली. डीव्हीआरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, तेही लिहून ठेवलं. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. जुन्या कायद्याच्या कलम ६५ब च्या ऐवजी आता कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) नोंदवावं लागतं. मोबाइलने केलेल्या शूटिंगला हे कसं जोडणार? म्हणून मूळ प्रत आधी काढून ठेवायची, चर्चा मागाहून.

कारणांचा शोध

गेटवर पत्र्याची एक पाटी आहे, ‘फेरीवाल्यांना प्रवेश बंद’. दिवसाढवळ्या मॉनिटरवर लाइव्ह लावलं तर ती पाटी नीट वाचता येत होती. पाच मिनिटांनी तोच क्षण प्लेबॅकमध्ये काढला. आता पाटीवर शिरोरेषा तेवढी सरळ, जाडजूड दिसत होती. तिच्याखालचे काने आणि वेलांट्या एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. आडव्या रेघा शाबूत, उभ्या रेघा गायब.

हे पाहिल्यावर मला मेनू उघडायच्या आधीच अंदाज आला. रेकॉर्डिंग ‘१०८०एन’वर होतं. दोन मेगापिक्सेलचं पूर्ण चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं असतं. १०८०एन मध्ये उंची तेवढीच राहते, पण रुंदीचे पिक्सेल निम्मे, साधारण ९६०. प्लेबॅकच्या वेळी ते ताणून परत पडदाभर केलं जातं. म्हणून उभ्या रेघा जातात आणि शिरोरेषा वाचते. मॉनिटरवर लाइव्ह दिसणारं चित्र मात्र कॅमेऱ्याकडून थेट येतं, ही काटछाट त्याच्या वाट्याला येत नाही. बरेच स्वस्त डीव्हीआर खोक्यावर ‘१०८०’ छापतात आणि आत आठही चॅनेल याच पद्धतीने साठवतात.

दुसरं कारण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती साठवायची ते. प्रत्येक चॅनेलला सेकंदाला ७६८ किलोबिट, २५ फ्रेम. भागाकार केला (आठ बिटांचा एक बाइट) तर एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी चार केबीसुद्धा येत नाहीत. नोकरीच्या ऑनलाइन अर्जाला लावायचा पासपोर्ट फोटोदेखील बऱ्याच ठिकाणी २० केबीच्या खाली घेत नाहीत. डीव्हीआर एक फ्रेम पूर्ण साठवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये जे बदललं तेवढंच लिहितो, म्हणून शांत दुपारी हे भागून जातं. पावसाच्या रात्री मात्र प्रत्येक थेंब म्हणजे बदल, अंधारातली चित्रातली मुंग्यांसारखी खळबळ म्हणजेही बदल. मग तो चार केबीचा शिधा पावसावरच संपतो आणि माणसाच्या वाट्याला धुकं येतं. असं रेकॉर्डिंग काही घडत नसतं तोवर सुरेख असतं, आणि काही हलू लागलं की विरघळतं.

हे ७६८ आलं कुठून? इथे तो अर्धा तास सापडतो. सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. आठ कॅमेरे ७६८ किलोबिटवर म्हणजे दिवसाला साधारण ६६ जीबी, आणि २ टीबी डिस्क त्यात बरोबर ३० दिवस पुरते. ठराव तंतोतंत पाळला गेला होता. दिवस वाढले ते चित्रातून कापून घेतले, एवढंच सभासदांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या माणसाने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला ‘३० दिवस करा’ असं सांगितलं होतं आणि त्याने ३० दिवस केले.

उरलेली कारणं कॅमेऱ्याच्याच बाजूची. गेटचा कॅमेरा ए विंगच्या पहिल्या मजल्याच्या स्लॅबला, गेटपासून दहा मीटरवर होता. लेन्स ३.६ मिलिमीटरची, म्हणजे त्या अंतरावर १५-१६ मीटर रुंदीचं दृश्य. एका मीटरला १२० पिक्सेल. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरला २५० पिक्सेल हवेत असं त्याची २०१४ ची आवृत्ती सांगते. म्हणजे पूर्ण १०८० वर साठवलं असतं तरी आपण निम्म्यावरच होतो, आणि १०८०एन ने ते आणखी निम्मं केलं. २० सेंटिमीटरच्या प्लेटला बारा पिक्सेल हे असे उरले.

शटर, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश आत घ्यायचा वेळ, ऑटोवर होतं. रात्री ते १/२५ सेकंदापर्यंत उघडं राहतं. बाइक ताशी २० किलोमीटरने गेली तरी तेवढ्यात २२ सेंटिमीटर सरकते, म्हणजे वळताना प्लेट स्वतःच्या रुंदीएवढी फासली जाते. त्यात नव्या नंबरप्लेटा प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतात. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लेन्सच्या भोवतीच असल्यामुळे सगळा उजेड सरळ लेन्समध्ये येतो आणि प्लेट पांढरीफटक होते.

शेवटी शिडी लावून कॅमेऱ्याची काच पाहिली. तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं. दिवसा डोळ्यांनाही दिसणार नाही इतकं नाजूक, पण रात्री इन्फ्रारेडमध्ये ते सुतळीसारखं उजळतं आणि सगळ्या दृश्यावर पांढरट झाक आणतं. जुन्या सुती धोतराच्या ओल्या तुकड्याने पुसलं. त्या रात्रीपुरता निम्मा फरक त्यानेच पडला.

पर्यायांचा विचार

समितीच्या बैठकीत पहिला सूर होता की सगळे कॅमेरे काढा आणि ४के बसवा. दोन कोटेशनं आलीही होती, दोन्ही लाखाच्या वर. मी विरोध केला. रेकॉर्डिंग जोवर चार केबीच्या शिध्यावर आहे तोवर ४के कॅमेऱ्याचं चित्रही तसंच चिरडलं जाणार, आणि रुंद लेन्स तीच राहिली तर प्लेटला मिळणारे पिक्सेल वाढून वाढून दुप्पट होणार.

दुसरा पर्याय फक्त सेटिंग बदलण्याचा. आठही कॅमेरे पूर्ण १०८० वर, सेकंदाला ४ मेगाबिट. हिशोब फळ्यावर मांडला: दिवसाला ३४५ जीबी, २ टीबी डिस्क सहा दिवसही पुरत नाही. ३० दिवसांचा ठराव करणारे सभासद त्याच खोलीत बसले होते. गप्पच झाले सगळे.

तिथून चर्चेला खरं वळण मिळालं. मी विचारलं, कुठल्या कॅमेऱ्यातून तुम्हाला काय ओळखायचंय? लिफ्टच्या दारात कोण आलं-गेलं एवढं कळलं तर चालेल का? चालेल. बागेत? मूल पडलं की नाही कळलं म्हणजे झालं. आणि गेटवर? गेटवर नंबर आणि चेहरा हवाच. म्हणजे आठांपैकी दोनच जागी स्पष्टपणाची खरी गरज होती. खजिनदारकाका म्हणाले, “मग सगळ्यांना सारखी वाटणी कशाला?” इतकी वर्षं हे मी ग्राहकांना समजावतोय, इतक्या सोप्या शब्दांत मला सांगता आलं नव्हतं.

काय केलं

या डीव्हीआरच्या मेनूत पूर्ण १०८० चा पर्याय होता, फक्त त्यात फ्रेम २५ ऐवजी १२ मिळत. गेटवर सेकंदाला १२ चित्रं भरपूर झाली, म्हणून तो घेतला. गेटच्या दोन कॅमेऱ्यांना ४ मेगाबिट दिले. १२ फ्रेममध्ये वाटले तर एका फ्रेमला ४० केबीच्या वर येतात, पूर्वीच्या दसपट. बाकी सहांना प्रत्येकी दीड मेगाबिट. एकूण १७ मेगाबिट, दिवसाला साधारण १८४ जीबी. डिस्क ४ टीबीची घेतली, ती २१ दिवस पुरते. ३० दिवसांचा ठराव विशेष सभेत बदलून २१ केला.

गेटसाठी दुसरा कॅमेरा नवा घेतला, लेन्स मागे-पुढे करता येणारा. डीव्हीआरचे आठही चॅनेल भरलेले होते, त्यामुळे गच्चीच्या टाकीवरचा कॅमेरा काढावा लागला. त्यावर थोडी कुरबूर झाली. शेवटी गच्चीच्या दाराला नवं कुलूप आलं. नव्या कॅमेऱ्याची नजर गेटमधल्या गतिरोधकावर अवघी चार मीटर रुंद ठेवली. १९२० भागिले चार, मीटरला ४८० पिक्सेल, प्लेटला ९६. शटर १/५०० वर बांधलं, म्हणजे २२ सेंटिमीटरचं फासणं एका सेंटिमीटरवर आलं. प्रकाश परत फेकणारी जी प्लेट आधी पांढरीफटक होत होती, तीच आता इतक्या कमी वेळात नेमकी उजळून निघते आणि भोवतीचं सगळं काळं राहतं.

जुना गेटचा कॅमेरा स्लॅबवरून काढून गेटच्या खांबावर अडीच मीटर उंचीवर आणला, कारण वरून फक्त डोकी आणि हेल्मेटं दिसत होती. जवळ पांढरा एलईडी लावला, पण कॅमेऱ्यापासून दोन मीटर लांब, म्हणजे दिव्यावरचे किडे आणि त्यांच्या मागे येणारे कोळी लेन्सपाशी घर करणार नाहीत.

मध्येच आलेलं विघ्न

तीन आठवड्यांनी फोन आला की नव्या कॅमेऱ्यात पुन्हा नंबर दिसत नाही. जाऊन पाहिलं तर शटर परत ऑटोवर. झालं होतं असं की रात्री त्या कॅमेऱ्याचं चित्र जवळजवळ काळं दिसतं, एका सभासदाला वाटलं कॅमेरा बिघडला, आणि त्यांनी चांगल्या हेतूने ओळखीच्या मुलाकडून तो ‘उजळ’ करून घेतला. चित्र सुंदर झालं आणि नंबर गेले. चूक माझी होती. काळं चित्र हेच त्या कॅमेऱ्याचं काम आहे, हे मी समितीला सांगितलं होतं. मॉनिटरसमोर रोज बसणाऱ्या वॉचमनमामांना सांगितलंच नव्हतं. आता मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवला आहे: ‘कॅमेरा २ रात्री काळा दिसतो. बरोबर आहे. बदलू नये.’ पासवर्डही दोघांकडेच ठेवला.

परिणाम

ताईंची स्कूटर मिळाली नाही. जे रेकॉर्डच झालं नव्हतं, ते नंतर कशानेही परत येणार नव्हतं. विम्यासाठी पोलिसांच्या अंतिम अहवालाची वाट पाहण्यात त्यांचे काही महिने गेले आणि त्या काळात पहाटेच्या रिक्षाचा खर्च त्यांनीच सोसला.

डिसेंबरात एका टेम्पोने रात्री मागे घेताना गेटचा खांब पाडला आणि निघून गेला. प्लेबॅकमध्ये नंबर पहिल्या झटक्यात वाचता आला. मूळ फाइल त्याच दिवशी काढली, मालकाने दुरुस्तीचे पैसे भरून दिले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मे महिन्यात एक कुटुंब गावाहून परतलं तर त्यांच्या मुलाची स्टिल्टमधली सायकल नव्हती. शोधत शोधत प्रकरण माझ्यापर्यंत आलं तोवर २६ दिवस झाले होते. फुटेज २१ दिवसांचंच होतं. त्या घरातल्या आजोबांनी मला सरळ विचारलं, “आधीचं धूसर होतं, पण होतं तरी ना?” मला त्यावर उत्तर नव्हतं.

आज वेगळं काय करेन

६ टीबीची डिस्क घ्यायला लावेन. तो डीव्हीआर ती घेत होता आणि तिच्यावर हेच रेकॉर्डिंग ३२ दिवस राहिलं असतं. बैठकीत मी खर्च कमी दाखवण्याच्या नादात ४ टीबीवर थांबलो. किमतीतला फरक ४८ घरांत वाटला असता तर कुणाला जाणवलाही नसता. दिवस की स्पष्टपणा अशी निवड मी त्यांच्यापुढे ठेवली, आणि ती तशी असायलाच हवी होती असं नाही.

काम संपल्यावर लाइव्ह चित्र दाखवून सही घ्यायची ही आमच्या धंद्यातली रीत मी सोडून दिली आहे. आता रात्री अकरानंतर समितीतल्या कुणाला तरी गाडीवरून गेटमधून जायला सांगतो, आणि दहा मिनिटांनी प्लेबॅकमध्ये नंबर त्यांच्याच तोंडून वाचून घेतो. वाचता आला तरच सही. पावसाळ्याआधी हीच चाचणी पुन्हा, आणि महिन्यातून एकदा झाडूच्या दांड्याला फडकं बांधून काचा पुसायच्या, ते काम मामांकडे आहे.

या सोसायटीत ती चाचणी ताईंनी दिली, विम्याच्या पैशांतून घेतलेल्या नव्या स्कूटरवरून. नंबर लख्ख आला. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, “त्यांनी प्लेटच काढून ठेवली असती तर?” मी म्हटलं, मग नाही. त्या महिन्यापासून गेटचा तो पल्ला रात्री बारा ते पाच बंद असतो, आणि रात्रपाळीची माणसं बेल वाजवतात.